आधी माझ्या जिभेला

शिरसाट सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कागद चाटत होते. हसू नका, खरं तेच सांगतेय. मधली सुट्टी होती, स्टाफरूममध्ये सगळ्यांचे डबे उघडलेले, आणि खिडकीपाशी एक सावळा, काटकुळा माणूस खाकी कागदाचा कोपरा जिभेवर ठेवून, डोळे मिटून उभा. मी बोलायला पहिल्यापासून फटकळ. म्हटलं, "अहो मास्तर, डबा आणला नसेल तर सांगा की. माझ्याकडे दोन पोळ्या जास्त आहेत." सगळे फिदीफिदी हसले. तो माणूस हसला नाही, रागावलाही नाही. कागदाचा तुकडा खिडकीबाहेर थुंकून म्हणाला, "कागद बघू लागलोय बाई. पोरांच्या हातात द्यायचाय. आधी माझ्या जिभेला."

ही सत्तर सालानंतरची गोष्ट. नव्या मुंबईत नवं म्हणण्यासारखं फारसं काही नव्हतं तेव्हाची. आमची शाळा खाडीकाठच्या एका गावाच्या टोकाला, वर पत्रे, पाचवी ते दहावीचे वर्ग. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला कंपन्यांच्या चिमण्या. गावाच्या जमिनी नव्या शहरासाठी गेलेल्या, त्यामुळे बाप कंपनीत हमाली नाहीतर वॉचमनकी करायचे आणि पोरं आमच्याकडे यायची. मी मराठी शिकवायचे. शिरसाट सरांकडे कार्यानुभव होता.

कार्यानुभव म्हणजे आमच्या शाळेत शुद्ध खोगीरभरती. कुणाचा अभ्यासक्रम मागे पडला की त्याने हक्काने कार्यानुभवाचा तास ढापायचा. सामानासाठी शाळा एक छदाम देत नसे. आधीचे मास्तर पोरांकडून मैदानातले दगड वेचून घ्यायचे आणि त्यालाच कार्यानुभव म्हणायचे. शिरसाट सर आले आणि त्यांनी कागद धरला, कारण आमच्या भागात कागद फुकट मिळतो हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

कंपन्यांत माल यायचा तो जाड खाकी कागदाच्या पिशव्यांतून. चार-चार पदरांच्या त्या पिशव्या. बाहेरच्या पदरावर मालाचं नाव आणि इंग्रजी सूचना छापलेल्या, आतल्या पदराला माल चिकटलेला, पण मधले पदर कोरे करकरीत. पोरांचे बाप रिकाम्या पिशव्या घरी आणायचे, कुणी कुडाला लावायचे, कुणी चुलीत घालायचे. सर त्या मागून घेत. बाहेरचा पदर आधी नीट वाचत. कवटीचं चित्र किंवा नको ते नाव दिसलं की अख्खी पिशवी बाद. मग आतला पदर फेकून द्यायचा, मधले उन्हात घालायचे आणि शेवटी एकेका कागदाची जिभेवर परीक्षा. कडू, आंबट, चुरचुरीत असं काहीही लागलं की तोही बाद.

मी एकदा चिडून म्हटलं, "मरायचंय का तुम्हाला?"

"दिघ्याला राहतो बाई. तिथं नाकातून जे आत जातंय त्याच्यापुढं हे काहीच नाही."

मूळचे ते मराठवाड्यातले, बौद्ध. घरचं फारसं बोलत नसत. एक खोड मात्र विलक्षण होती. पाचवीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा ते अहो-जाहो करायचे. "काय हो म्हात्रे, घडी वाकडी का?" "ठाकूरताई, नखानं दाबा, पोळपाटावर लाटल्यासारखं करू नका." पोरं पहिले काही दिवस पोट धरधरून हसली, मग ताठ बसायला लागली. मी विचारलं, हे काय नाटक? तर म्हणाले, "मला शाळेत कुणी कधी अहो म्हणलं नाही. नावानंसुद्धा हाक मारली नाही." कुठल्या नावाने मारत होते ते मी विचारलं नाही. विचारण्याची गरजही नव्हती.

त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं असे. घडी घातली की त्या नखाने ती अशी ओढत की कागद चर्र वाजायचा. पट्टी नाही, कात्री नाही, डिंक नाही. सगळं घड्यांचं काम. डबी, पाकीट, पंखा, कमळ, मोर, आणि दहावीच्या पोरांकडून तर एकाच कागदाचा असा काही गोल दिवा करून घ्यायचे की हातात घ्यायला भीती वाटावी. आणि तास संपायच्या आधी एकच हुकूम व्हायचा, "उलगडा."

केलेलं सगळं उलगडायचं. कागद सपाट करून परत गठ्ठ्यात ठेवायचा, पुढच्या वर्गाला तोच कागद. सुरुवातीला लहान पोरं रडायची. सर म्हणायचे, "अहो, मोर तुमच्या हातात आहे. कागदात कुठं आहे?" मग डोळे मिटून घड्या घालायला लावायचे. "हाताला दिसू द्या," म्हणायचे. त्यात सगळ्यांत तयार होती आठवीतली वनिता. कंपनीत गोण्या उचलणाऱ्या बाळारामची मुलगी. अंगाने एवढीशी, बोलायला ठसकेबाज. डोळे मिटून कमळ करायची आणि डोळे न उघडताच विचारायची, "सर, माजं झालं. बाकीचे कवा करनार?"

एका वर्षी तपासणीला साहेब आले. सगळे वर्ग बघून झाले, मग कार्यानुभवाचं कपाट उघडायला सांगितलं. आत काय, चुरगाळलेल्या कागदांचा गठ्ठा! साहेब म्हणाले, "वस्तू कुठायत?" सरांनी त्यातला एक कागद काढला आणि खिडकीच्या उजेडापुढे धरला. बारीक बारीक घड्यांच्या रेघांचं जाळं उमटलं होतं त्याच्यावर. सर म्हणाले, "हे साहेब, कमळ. हा पलीकडचा मोर. हे जरा फाटलंय ते नवीन पोराचं." साहेबांनी तो कागद बोटाच्या चिमटीत धरला, परत ठेवला आणि रुमालाला हात पुसले. शेऱ्यात लिहून गेले, टिकाऊ वस्तू आढळल्या नाहीत.

झालं. हेडसरांनी सरांना बोलावून घेतलं. मी वर्गाचे पेपर द्यायला तिथेच गेले होते, म्हणून मला माहीत. हेडसर म्हणाले, "शिरसाट, जूनमध्ये तुम्हाला कायम करायचंय. मी संस्थेला काय दाखवू? रद्दी? जिल्ह्याच्या प्रदर्शनात आपल्या शाळेच्या टेबलावर काहीतरी टिकणारं हवं."

सरांनी अंगठ्याचं नख टेबलाच्या कडेवरून ओढलं. मग म्हणाले, "लगदा करतो. मुखवटे करू."

दशावतारापासून राक्षसांपर्यंत मुखवटे करायचे ठरलं आणि पोरं खुळावली. पहिल्यांदाच केलेलं उलगडायचं नव्हतं ना! कागद भिजवायचा, कुस्करून लगदा करायचा, त्यात खळ घालून मळायचा आणि मडक्याच्या पाठीवर थापायचा. घरोघरचे बाप जास्तीच्या पिशव्या आणायला लागले. सर त्याही सगळ्या वाचत आणि चाखत होते. तोंड आलेलं असताना चाखत होते. मी म्हटलं, "आता भिजवायचाच तर आहे, राहू दे की." तर म्हणाले, "भिजल्यावर तर जास्त उतरतंय बाई."

प्रदर्शन तोंडावर आलं होतं त्या सकाळी एस.टी. बंद पडली म्हणून सर रस्त्याने चालत आले, उशिरा. वनिता शाळा भरायच्या आधीच आलेली. तिच्या बापाने आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर, तिलाही न सांगता, वर्गाच्या दाराशी एक गठ्ठा आणून ठेवला होता, सगळा कोरा आणि स्वच्छ. तिने तो सरळ टबात भिजवला आणि मळायला बसली. सरांना आल्या आल्या काम तयार मिळावं, एवढंच तिच्या मनात. सर वर्गात शिरले तेव्हा ती कोपरापर्यंत लगद्यात होती. म्हणाली, "सर, आज बगा ना किती मऊ झालाय. साबनासारका बुलबुलीत."

सर हजेरी घेत होते. मान वर करून म्हणाले, "शाब्बास वनिताताई."

मी शेजारच्या वर्गात होते. आधी एका पोराचं ओरडणं ऐकलं, हात भाजतायत म्हणून. मग वनिताचं. तिला घाम आला होता आणि तिने तो मनगटाने पुसला होता. मी धावत गेले तोवर सरांनी तिला उचलून हापशाखाली धरलं होतं, दोन पोरं जिवाच्या आकांताने हापसत होती, आणि सर तिच्या पापण्या बोटांनी उघड्या धरून ओरडत होते, "बघा, पाण्याकडं बघा, मिटू नका!" डोळे मिटायला शिकवलेली पोरगी ती. तिला ते उघडे ठेवता येईनात.

कुणीतरी टेम्पो थांबवला. वनिताला त्यात घालून सर परत वर्गात धावले. मला वाटलं, काही विसरले. दारातून पाहते तर त्यांनी टबातला लगदा मुठीत घेऊन तोंडात घातला होता. मी किंचाळले. तो थुंकत, लाळ गाळत ते आले आणि म्हणाले, "काय आहे ते कळल्याशिवाय डॉक्टरला सांगू काय?" पण काय आहे ते त्यांनाही कळलं नाही. जीभ तेवढी जळाली.

वनिताला कामगार विम्याच्या दवाखान्यात नेलं. बाप कंपनीत कामाला, त्याच्या कार्डावर घरच्यांना उपचार मिळायचे. डॉक्टर म्हणाले, कॉस्टिक सोड्यासारखा कसला तरी जोरदार खार आहे, हाताला आधी साबणासारखा लागतो आणि मग भाजतो. डावा डोळा गेलाच. उजवा वाचवायचा तर मुंबईला मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल, पुष्कळ दिवस लागतील, पण सगळं कार्डावर होईल.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाळाराम आमच्यापुढे येऊन उभा राहिला आणि मटकन खालीच बसला. "बाई, मीच आनल्या त्या. सर वरचा पदर काडतान, आतला काडतान, सगला दिवस सोलत बसतान. म्हटलं, आपुनच सोलून देव, सरांचं काम वाचंल. आताशी नाव असलेला पदर गेटवर चालत बी नाय. वॉचमन पकरतो. म्हून मी गोदामातच सोलल्या." मग कपाळ बडवायला लागला. "त्याच्यावर काय लिवलं व्हतं, मना काय ठावं? मना वाचता येतंय?"

म्हणजे बघा. बापाने सरांचे कष्ट वाचावेत म्हणून वाचायचा पदर सोलला. पोरीने सरांचा वेळ वाचावा म्हणून चाखायच्या आधी भिजवला. ओल्या गोदामात त्या पिशव्यांचा खार मधल्या पदरांपर्यंत मुरला होता. कुणाला दोष द्यायचा, सांगा ना मला! मी तर देवालाही दिला, पण शिरसाट सर देव मानत नव्हते, त्यांना तेवढीही सोय नव्हती.

बाळाराम म्हणत होता, मी संस्थेला जाऊन सांगतो. सरांनी त्याचा दंड धरला. जीभ सुजलेली, शब्द बोबडे, पण प्रत्येक शब्द कळला मला. "सांगायचं नाही. पिशव्या गेटबाहेर काढल्या म्हणून कंपनी चोर ठरवील तुम्हाला. नोकरी गेली की कार्ड गेलं. कार्ड गेलं की पोरीचा उजवा डोळा गेला. कळतंय का?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हीही नाही बाई. शपथ आहे वनिताची."

मी काय गप्प बसणाऱ्यांतली बाई? पण त्यांनी अशा ठिकाणी बांधलं मला की तोंड उघडायची सोय ठेवली नाही.

संस्थेच्या सभेत सर भिंतीला टेकून उभे राहिले. बसा असं कुणी म्हटलं नाही. ते म्हणाले, "पिशव्या मी भंगारातून आणल्या. वाचल्या नाहीत. चाखल्या नाहीत. चूक माझी." कुणीतरी मागून म्हणालं, बाहेरची माणसं आणून ठेवली की असंच व्हायचं. बाहेरची म्हणजे काय ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. मग बाळारामचा धाकटा भाऊ उठला आणि त्याने सरांच्या थोबाडीत मारली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा मारली. सरांनी हात वर केला नाही. मी बाळारामकडे बघत होते. तो गुडघ्यांत मान घालून बसला होता आणि त्याची पाठ हलत होती. लोकांना वाटलं, पोरीसाठी रडतोय.

पोलिसात जायचं की नाही अशी चर्चा झाली तेव्हा तेवढं मात्र बाळाराम बोलला. "माजी तक्रार नाय." गावाने त्याला केवढा मोठ्या मनाचा म्हणून डोक्यावर घेतलं.

सरांना त्याच दिवशी काढलं. सामान म्हणजे तो घड्यांच्या कागदांचा गठ्ठा, तोही हेडसरांनी जाळायला लावला. जाताना मी त्यांना स्टाफरूममध्ये चहा दिला. गडबडीत साखर घालायची राहिली होती. त्यांनी तो तसाच घोट घोट करून संपवला. मी मग माझा कप तोंडाला लावला आणि चूक कळली. "अहो, बोलायचं तरी!" म्हटलं. ते म्हणाले, "चहा होता होय? मला वाटलं गरम पाणी दिलंत." चव गेली होती. डॉक्टर म्हणाले होते की कदाचित परत येईल. ती आली नाही.

दाराशी पोचल्यावर मागे वळून एवढंच बोलले, "मी शाब्बास म्हणालो बाई. साबणासारखं लागतंय असं पोरीनं सांगितलं, आणि मी शाब्बास म्हणालो." अंगठ्याचं नख त्यांनी मुळापासून कापलं होतं.

त्यांनी एक पांढरा कागद माझ्याकडे दिला होता, घडीचं कमळ केलेला. दुकानातून विकत आणलेला, कोरा, चांगला कागद. वनिताला द्या म्हणाले. मी मुंबईच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, दोन्ही हातांना पट्ट्या. माझ्या हातात कमळ बघून तिची आई उठली. "कोनी दिला? त्या मानसानी? त्याचा कागद माज्या पोरीजवल नको." तिने ते चोळामोळा करून खिडकीबाहेर टाकलं. पट्टीखालून वनिताने विचारलं, "काय व्हतं?" आई म्हणाली, "काय नाय. कचरा."

उजवा डोळा वाचला. मी पेढे वाटण्याइतकी आनंदले आणि दिघ्याला सरांच्या खोलीवर गेले, तर तिथे कुलूप. शेजारी म्हणाले, गावाकडे गेले. कुणी म्हणाले, मुंबईला गेले. मी शोधलं, नाही सापडले.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, वाशीला कांदा-बटाट्याचा मोठा बाजार आला आणि माझी बदली वाशीच्या शाळेत झाली तेव्हाची गोष्ट. गोणीभर कांदे स्वस्त पडतात म्हणून आम्ही दोघी-तिघी बायका बाजारात गेलो होतो. एका गाळ्याबाहेर फाटक्या गोण्यांच्या ढिगाऱ्यात एक म्हातारा दाभणाने गोणी शिवत बसला होता. शिवण झाली की ती अंगठ्याने दाबून सरळ करत होता. त्या अंगठ्यावरून मी ओळखलं. खरं तर म्हातारा म्हणायचं वय नव्हतं त्यांचं.

"शिरसाट सर!"

त्यांनी वर पाहिलं. उठायला लागले, मी बळेच बसवलं आणि शेजारी गोणीवर बसले. बरोबरच्या बायका बघत राहिल्या, बघू देत. त्यांनी हातातली शिवण पुरी केली. मग त्यांनीच विचारलं, "उजवा?"

"आहे. चांगला आहे. दहावी झाली, लग्न झालं. गावच्या बालवाडीत शिकवते."

त्यांचं तोंड उजळलं. इतक्या वर्षांत तसं कुणाचं उजळलेलं मी पाहिलं नव्हतं. "घड्या शिकवते का पोरांना?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण त्या माणसापुढे जमेना. "नाही. माती देते, चिंचोके देते. कागदाला हात लावत नाही."

"बरंय," ते म्हणाले. दाभण गोणीत खुपसून ठेवलं. "बाळाराम?"

"मागच्या वर्षी गेला. शेवटपर्यंत बोलला नाही कुणाला. सर, आता कसली नोकरी नि कसलं कार्ड! मी सांगते वनिताला. तुमच्या नावाने अजून बोटं मोडते हो ती. मला ऐकवत नाही." माझा आवाज चढला होता. रडू येत होतं आणि रागही येत होता, त्यांचाच.

ते शांतपणे म्हणाले, "नको बाई. माझ्यावर राग आहे तो राहू द्या. मी कोण तिचा? बापाचा फोटो असेल ना घरात. रोज त्याच्यापुढं दिवा लावायचाय तिला."

शेंगदाणेवाला चालला होता, त्याच्याकडून उगाच एक पुडी घेतली, काहीतरी करायचं म्हणून. सरांपुढे धरली. "मला अजून चव कळत नाही बाई," ते म्हणाले. त्यांनी ती हातात घेतली. कुणाच्या तरी वहीच्या कागदाची पुडी होती. त्यांनी तिचा कोपरा फाडला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.

त्या जिभेला साखर कळत नव्हती, मीठ कळत नव्हतं. त्यांना ते माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. मी बघत बसले. तुकडा बाजूला थुंकून त्यांनी डोळे उघडले आणि पुडी माझ्या हातात परत दिली.

"खा बाई. काही नाही त्यात."

मी खाल्ले.